प्लीज डिस्कस

मला आजवर 'आपण' म्हणणारा माणूस एकच भेटला. बाकी जगानं मला 'अहो', 'ओ पुणेकर' आणि एकदा बेगम बाजारात 'ओ पंखेवाले साब' अशा हाका मारल्या. 'आपण' म्हणणारे ते एकटेच. तो मान मी कसा मिळवला, हे त्यांना कधी कळलं नाही. कळू नये म्हणून मी इतकी वर्षं तोंड मिटून बसलो होतो.

ते आमच्या कंपनीत जनरल मॅनेजरचे पी.ए. होते. आम्ही छताचे पंखे बनवत असू. कारखाना गावाबाहेर, ऑफिस निजामाच्या जुन्या राजधानीत, आबिड्सला. खाली चपलांचं दुकान, पहिल्या मजल्यावर दाताचा डॉक्टर, दुसऱ्यावर आम्ही. जिना चढून आलं की जनरल मॅनेजरची केबिन, तिच्या दारात एक टेबल, आणि टेबलामागे हे. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी, मे महिन्यातसुद्धा. पंख्याच्या कंपनीत नोकरी, पण डोक्यावरचा पंखा कधी लावू देत नसत. "कागद उडतात," म्हणत. त्या टेबलासमोरून चार जनरल मॅनेजर आले आणि गेले, कागद एकही उडाला नाही.

घराणं बीदरकडचं, शेतकरी. शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून. घरात मराठी. त्यामुळे बोलताना 'हौ' आणि 'नक्को' मधूनमधून यायचे, आणि 'परसों' तर उठल्यासुटल्या. त्यांचा परसों म्हणजे परवा नव्हे. होऊन गेलेला कोणताही दिवस. "परसों तुम्ही रजेवर होतात" हेही परसोंच, आणि "परसों मूसीला मोठा पूर आला होता" हेही परसोंच. तो पूर त्यांच्या जन्माआधीचा होता.

ते कुणालाही नावानं हाक मारत नसत, हुद्द्यानं मारत. "असिस्टंट मॅनेजर, इकडे ये." "मॅनेजर, तुम्ही बसा." आणि केबिनमधल्या माणसाला, "साहेब, आपण चहा घेणार?" तू, तुम्ही, आपण. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर माणूस गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं संबोधन बदललेलं असे, आणि हेड ऑफिसचं पत्र त्यानंतर चार दिवसांनी येई. घरीही हेच. जावई बँकेत कायम झाला त्या दिवशी त्याला त्यांनी 'तू'चा 'तुम्ही' केला. बायकोला मात्र पहिल्यापासून 'आपण'. "त्या हेड ऑफिस आहेत," म्हणत.

मी चौदा वर्षं 'तुम्ही' होतो. डेप्युटी मॅनेजर, प्रॉडक्शन. मोटरच्या तारा गुंडाळण्यापासून पात्याच्या वजनापर्यंत मला सगळं यायचं, आणि त्यामुळेच मी तिथं अडकलो होतो. मग सरकारनं देशाची दारं उघडली. आमच्या ऑफिसात त्या दारातून आधी फॅक्सचं यंत्र आलं आणि त्याच्यामागून परदेशी भागीदार. त्याच सुमाराला चौथे जनरल मॅनेजर निवृत्त झाले. खुर्ची रिकामी झाली. खुर्ची तीच राहणार, पण बसणाऱ्याला आता 'व्हाइस प्रेसिडेंट' म्हणणार, असं ठरलं. तोवर केबिनमधले कागद कुणी तरी काढायचे, म्हणून ते माझ्या टेबलावर येऊ लागले.

घरी तर मी आधीच हरलो होतो. बायकोचा धाकटा भाऊ पुण्यात जनरल मॅनेजर झाला होता. ही वाढता वाढता सांगायची, "बाळूच्या केबिनला स्वतःची बाथरूम आहे म्हणे."  आमच्या ऑफिसात बाथरूमची किल्ली दाताच्या डॉक्टरकडून मागून आणावी लागे.

तर मी त्या खुर्चीसाठी कासावीस झालो होतो. आणि एक दिवस पी.ए.नी मला समोर बसवून विचारलं, "डेप्युटी मॅनेजर, तुम्हाला साहेब व्हायचंय ना?"

"हो. म्हणजे, का नाही?"

"हे बघा. मी चार साहेब घडवले. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरलेत. एक पाचवा घडवून जाईन म्हणतो. पण तुम्हाला फार येतं. ते आधी विसरावं लागेल."

असं माझं शिक्षण सुरू झालं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

पहिला धडा हातांचा. मॅनेजरच्या हातात नेहमी काही तरी असतं. फाईल, नकाशा, डबा. साहेबाचे हात रिकामे. "ज्याच्या हातात काही आहे त्याला माणूस काम सांगतो," असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी डबा नेणं सोडलं. साहेबाचा डबा कुणी तरी मागून घेऊन येतो. माझ्या मागून कुणी येत नव्हतं. तीन आठवडे मी समोरच्या इराण्याकडे बिस्किटांवर काढले.

दुसरा धडा जिन्याचा. साहेब धापा टाकत पोचत नाही. मधल्या वळणावर थांबायचं, खिडकीतून शहराकडे बघायचं आणि काही मोठा विचार चालू आहे असं दाखवायचं. मधलं वळण नेमकं दाताच्या डॉक्टरच्या दारात होतं. दुसऱ्याच दिवशी कंपाउंडरनं माझं नाव लिहून घेतलं, आणि चौथ्या दिवशी विचारांत गढलेलो असताना मला आत नेऊन खुर्चीत बसवलं. साहेबानं ओरडायचं नसतं हे मी शिकलो होतो. त्यामुळे एक चांगली दाढ गेली.

तिसरा धडा 'हं'चा. हा सगळ्यांत अवघड. चार साहेबांचे चार 'हं' त्यांना अगदी हुबेहूब यायचे. पहिल्या साहेबाचा नाकातून, दुसऱ्याचा पोटातून. तिसऱ्याचा 'हं' आल्यावर माणसाला आपण राजीनामा द्यावा असं वाटे. चौथ्याचा इतका लांब की तोवर विचारणारा निघून जाई.

"मॅनेजरला माहीत असतं," ते म्हणाले, "म्हणून लोक त्याला विचारतात. साहेबाला माहीत नसतं, म्हणून लोक त्याला सांगतात. आता कुठली जागा चांगली, तुम्हीच बोला."

"पण मला माहीत असेल तर?"

"तर वरती बघायचं, हल्लू हल्लू श्वास घ्यायचा आणि 'हं'. फारच झालं तर 'इंटरेस्टिंग'."

मी घरी सराव केला. बायकोनं विचारलं, "आमटीत मीठ जास्त झालंय का हो?"

मी छताकडे बघितलं. "हं."

"हं म्हणजे? झालंय की नाही?"

"इंटरेस्टिंग."

तिनं ताट उचललं. "बाळू बाथरूमवाल्या केबिनीत बसतो, तरी आमटी जेवतो," असं आतून ऐकू आलं.

पण धडा लागू पडला. मुंबईचे मॅनेजिंग डायरेक्टर परदेशी पाहुण्यांना घेऊन कारखान्यात आले. एका पाहुण्यानं चालू पंख्याखाली उभं राहून विचारलं, हा का गुणगुणतो? त्याच्या बुशचं, म्हणजे दांड्याभोवतीच्या कड्याचं, माप अर्ध्या सुतानं चुकलंय हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. शेजारी मार्केटिंगचे मॅनेजर होते. तेही त्या खुर्चीवर टपलेले. ते पुढे झाले आणि पंधरा मिनिटं बोलले. हवा, वीजदाब, आंध्रातली धूळ. मी रिकामे हात मागे बांधले, पंख्याकडे बघितलं, श्वास घेतला.

"हं," मी म्हणालो. सगळे थांबले. "इंटरेस्टिंग."

पाहुण्यानं मॅनेजिंग डायरेक्टरकडे बघून मान हलवली. संध्याकाळी पी.ए.नी इराण्याकडे मला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. "दुसऱ्या साहेबाचा 'हं' लावला ना? पोटातला? मला वाटलंच."

आता राहिला शेवटचा धडा, कागदांचा. त्यासाठी त्यांनी मला एक हिरव्या शाईचं पेन दिलं. चारही साहेबांनी वापरलेलं, त्यांनी जपून ठेवलेलं.

"कागद वाचायचा नक्को," ते म्हणाले. "वाचलेला कागद अंगावर येतो. न वाचलेला खाली जातो. कोपऱ्यात लिहायचं 'प्लीज डिस्कस', सही करायची, खालच्या कुणाचा तरी हुद्दा टाकायचा, सोडून द्यायचा."

"आणि तो माणूस डिस्कस करायला आला तर?"

त्यांना माझी कीव आली. "परसोंपासून आजपर्यंत," म्हणाले, "एकजण आला नाही."

ते खिशातलं घड्याळ काढून समोर बसत आणि मी सराव करी. पहिल्या दिवशी चाळीस कागदांना एक तास लागला, कारण डोळे आपोआप वाचायचे. "डोळे वर!" ते ओरडत. हळूहळू जमलं. महिनाभरात चाळीस कागद अकरा मिनिटांत. त्या भरात मी एका फोरमनच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवरही 'प्लीज डिस्कस' लिहिलं. पत्रिका खाली गेली. खरंच कुणीही आलं नाही. लग्न वेळेवर झालं.

मग तो गुरुवार आला. पी.ए.ची दाढ दुखत होती. ते एरवी रजा घेत नसत, पण त्या दिवशी पहिल्या मजल्यावर जाऊन दाढ काढून घेतली आणि गाल धरून घरी गेले. कागदांचा गठ्ठा त्यांच्या नजरेखालून न जाता सरळ माझ्याकडे आला. मी घड्याळ लावलं. गठ्ठ्यात मध्येच एक फॅक्स होता. तो गुळगुळीत कागद गुंडाळी होऊन सारखा मिटायचा. मी त्यावर पेपरवेट ठेवला, डोळे वर केले, 'प्लीज डिस्कस' लिहिलं, सही केली. खाली कुणाचा हुद्दा टाकावा हे पटकन सुचेना, म्हणून जवळचा टाकला, 'पी.ए.'. सगळा गठ्ठा नऊ मिनिटांत संपला. विक्रम! मी खूश होऊन इराण्याकडे गेलो.

शुक्रवारी सकाळी मी जिना चढून आलो तर पी.ए. उभे राहिले. सुजलेला गाल, शेरवानीची सगळी बटणं लावलेली, आणि उभे. ते डेप्युटी मॅनेजरसाठी कधी उठत नसत.

"साहेब," ते म्हणाले, "आपण चहा घेणार?"

मी पायरीवरून पडता पडता वाचलो. आपण! म्हणजे झालं. पत्र चार दिवसांत येणार. आजवर त्यांचं एकदाही चुकलं नव्हतं.

थोड्या वेळानं ते माझ्या टेबलापाशी आले. आवाज नेहमीपेक्षा खाली. "साहेब, आपण त्या फॅक्सवर लिहिलंत... ते पक्कं ना?"

कोणता फॅक्स? मला काडीचंही आठवत नव्हतं. पण आता मी साहेब होतो. मी छताकडे बघितलं.

"हं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, दाढ.

दुपारी मी तडक अफझलगंजला एका छापखान्यात गेलो आणि पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. तो मुळात लग्नपत्रिका छापणारा. त्यानं न सांगता सोनेरी कडा घातली आणि वर अत्तर मारलं. 'व्हाइस प्रेसिडेंट' ही अक्षरं 'चि. सौ. कां.'च्या वळणाची आली. मी घरी एक कार्ड बायकोच्या पुढे ठेवलं. ती वास घेऊन म्हणाली, "कुणाचं लग्न?" पण तिनं ते देवापुढे ठेवलं, आणि पुण्याला फोन लावला.

सोमवारी मुंबईहून मॅनेजिंग डायरेक्टरांचा फोन आला. मी उभं राहून घेतला.

"तुम्हाला नक्की डिस्कस काय करायचंय?" त्यांनी सुरुवातच तिथून केली.

"सर?"

"मी तुम्हाला व्हाइस प्रेसिडेंट करतोय, शनिवारपर्यंत होकार कळवा, असा फॅक्स केला. तुमच्या पी.ए.कडून उलट फॅक्स येतो, साहेबांच्या मते ह्या विषयावर चर्चा आवश्यक आहे! कसली चर्चा?"

म्हणजे तो गुरुवारचा फॅक्स! काही तरी बोलायला हवं होतं. खरं, खोटं, काहीही. पण इतक्या दिवसांचं शिक्षण असं वेळेवर सुटत नाही.

"हं," मी म्हणालो. आणि मग, देवा, "इंटरेस्टिंग."

फोन आपटला गेला. संध्याकाळपर्यंत मार्केटिंगचे मॅनेजर व्हाइस प्रेसिडेंट झाले होते.

मी पी.ए.च्या टेबलापाशी गेलो तो भांडायलाच. चौदा वर्षांची नोकरी, एक दाढ, पाचशे कार्डं. "फॅक्स कुठंय?" मी ओरडलो. साहेबानं ओरडायचं नसतं, पण आता मी कुठला साहेब. "वाचलात ना तुम्ही? मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी खालचा खण उघडला. दोन्ही हातांनी फॅक्स काढून माझ्यापुढे ठेवला आणि मी तो पहिल्यांदा वाचला. पहिला परिच्छेद माझ्या नेमणुकीचा. दुसरा असा, की पदभार घेताच मी पुढील जागा एका महिन्यात बंद कराव्यात, ती कामं आता कॉम्प्युटर करील. खाली यादी. यादीत पहिला हुद्दा, पी.ए. आणि त्या परिच्छेदाच्या बरोबर बाजूला, माझ्या झोकदार हिरव्या अक्षरांत, 'प्लीज डिस्कस'. खाली मार्क केलेलं, 'पी.ए.'.

"आपल्याला काय सांगायचं, साहेब?" ते म्हणाले. "आपण तर लिहून मोकळे झालात. 'अ‍ॅग्रीड' लिहायला किती वेळ लागतो? एक शब्द. खुर्ची आपली होती. आपण लिहिलंत, डिस्कस. ते पण कुणाला मार्क केलंत, तर मला! इथं चौतीस वर्षं काढली. प्रत्येकाच्या निरोप समारंभाचं भाषण मी लिहिलं, प्रत्येकाचा हार मी मागवला. ह्या वयात मला म्हणाले असते, पी.ए., तुम्ही उद्यापासून येऊ नका. हार नाही, काही नाही. खाली चपलेच्या दुकानावरून मान खाली घालून गेलो असतो."

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं. शप्पथ.

"मी कागद न वाचता सोडायला सगळ्यांना शिकवलं," ते म्हणाले आणि शेरवानीच्या बाहीनं डोळे पुसले. "पण स्वतःच्या बढतीचं पत्र न वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. चारही साहेब ते चोरून वाचायचे. आपण वाचलंत, आणि तरी लिहिलंत. आणि मी विचारायला आलो तर म्हणालात, हं. पाचवा 'हं', साहेब. हा मी कुणाला शिकवला नव्हता."

मी तोंड मिटलं. चारही साहेब चोरून वाचायचे, ही माहिती मला शिकवणीच्या पहिल्या दिवशी मिळाली असती तर बरं झालं असतं.

नवे व्हाइस प्रेसिडेंट शिस्तीचे होते. ते प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत, आणि आल्या क्रमानंच वाचत. मुंबईहून तीच यादी त्यांच्या नावानं पुन्हा आली, ती पी.ए.नी त्यांच्या गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली. तळाला पोचायला साहेबांना नऊ महिने लागले. पी.ए. त्याआधी हार घालून घेऊन, स्वतःच लिहिलेलं भाषण ऐकून, ताठ मानेनं जिना उतरून गेले. जाताना मधल्या वळणावर थांबले आणि खिडकीतून शहराकडे बघितलं. कंपाउंडर दार उघडून उभा होता. त्यांनी हात जोडले.

बायकोला मी ज्या दिवशी सगळं सांगणार होतो, त्याच्या आदल्या दिवशी ते पेढे घेऊन घरी येऊन गेले. मी पोचलो तर ही देवापुढचं कार्ड हातात घेऊन बसलेली. "तुम्ही एका माणसासाठी खुर्ची सोडलीत," म्हणाली, "आणि मला बोलला नाहीत?" त्या दिवसापासून बाळूची बाथरूम आमच्या घरातून गेली ती गेलीच. आमटीवर तूप आलं. मी दुसरी वाटी मागितली.

उरलेल्या चारशे नव्व्याण्णव कार्डांच्या पाठीवर ही किराण्याची यादी करू लागली. बेगम बाजारातला आमचा मसालेवाला आधी अत्तराचा वास घ्यायचा, मग पाठ फिरवून वाचायचा. वर्षभरात मी तिथं 'पंखेवाले साब'चा 'वाइस प्रेसिडेंट साब' झालो. हळद मात्र त्याच भावानं.

परवा, म्हणजे खरोखरीचं परवा, आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. थकलेत, पण शेरवानी तीच. बैठकीच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या खाली एक चौकट आहे, आणि आल्यागेल्याला ते तिच्यापुढे उभं करतात. त्यांनी तो फॅक्स मढवून घेतलाय. त्या गुळगुळीत कागदाची छपाई टिकत नाही. नेमणूक उडाली, यादी उडाली, मुंबईची सही उडाली. पिवळ्या कोऱ्या कागदावर आता फक्त माझी हिरवी अक्षरं उरलीत. प्लीज डिस्कस. ते बोटानं कोरी जागा दाखवत सगळा मजकूर पाठ म्हणतात, एक शब्द न चुकता.

"आपल्याला तर आठवतच असेल, साहेब," ते म्हणाले.

"हं," मी म्हणालो.

बायकोनं पदरानं काच पुसली आणि चष्मा वर करून जवळून बघितलं. "एवढं सगळं होतं ह्यावर? आता तर काहीच दिसत नाही हो."

 सही केली तेव्हा मलाही तो असाच दिसला होता.